'मराठी येतं' म्हणजे नेमकं काय येतं? लिनक्सवरच्या फॉन्ट-साधनांची चिकित्सा

समजा, तुम्ही धाराशिव जिल्ह्याच्या भूजलावर काम करताय आणि प्रबंधासाठी जिल्ह्याचा नकाशा काढलाय. नकाशावर आठ तालुक्यांची नावं मराठीत टाकायची आहेत. लिनक्सवर तुम्ही देवनागरी फॉन्ट बसवला आणि यादी काढणाऱ्या साधनाला विचारलं, 'मराठी येणारे फॉन्ट कोणते?' त्या यादीत तुमचा फॉन्ट आहे. फॉन्ट व्ह्यूअरमध्ये उघडून पाहिला, तिथेही ठीक दिसतोय. मग नकाशा छापला. भूम, परंडा, कळंब, उमरगा, लोहारा, वाशी, तुळजापूर ही नावं जशीच्या तशी आली. जिल्ह्याचं नाव मात्र 'धाराशवि' वाटावं असं उमटलं, कारण वेलांटी 'श' च्या आधी यायची ती नंतर आली. दोन साधनांनी 'मराठी येतं' असं सांगितलं होतं. ती खोटं बोलली का?

खोटं बोलली नाहीत. त्यांनी वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं आणि आपण ते आपल्या प्रश्नाचं उत्तर समजलो. आजचा लेख याच गोष्टीबद्दल आहे. लिनक्स आणि त्याच्या कुळातल्या सिस्टिमवर पडद्यावर अक्षर कोण काढतं, फॉन्ट दाखवणारी साधनं प्रत्यक्षात काय मोजतात आणि मराठीच्या बाबतीत ती कुठे कमी पडतात, ते बघू. विषय फॉन्टचा असला तरी संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला यातून एक सवय लावून घेता येईल. यंत्राने दिलेलं उत्तर वहीत उतरवण्याआधी त्याने प्रश्न कोणता ऐकला हे विचारायचं.

(एक सोय सांगून ठेवतो. आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती लहान रोमन लिपीत टाईप करायची.)

आधी हे ठरवू : अक्षर काढतं कोण?

लिनक्सवर चित्र पडद्यापर्यंत नेणाऱ्या प्रोग्रामला डिस्प्ले सर्व्हर म्हणतात. बरीच वर्षं हे काम एक्स विंडो सिस्टिमकडे होतं. ती १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली आणि तिची अकरावी आवृत्ती, म्हणजे आपण ज्याला एक्स-इलेव्हन म्हणतो ती, १९८७ मध्ये आली. त्या काळच्या रचनेत फॉन्ट सर्व्हरच्या ताब्यात असत. प्रोग्राम फक्त सांगायचा की अमुक फॉन्टमधलं अमुक क्रमांकाचं अक्षर अमुक जागी काढ. फॉन्टचं नावही चौदा रकान्यांचं लांबलचक असायचं. प्रत्येक रकान्याआधी आडवी रेघ, आणि त्यात जाडी, तिरपेपणा, आकार, संकेतप्रणाली असं सगळं.

या व्यवस्थेत अक्षर म्हणजे एक क्रमांक आणि एक चित्र. रोमन लिपीला एवढं बऱ्यापैकी पुरतं. मराठीला पुरत नाही. 'क्ष' ला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक नाही, तो क, हलन्त चिन्ह आणि ष या तिघांतून घडतो. रफार, जोडाक्षरं, वेलांटीची जागा हे सगळं अक्षरं एकत्र आल्यावर ठरतं.

२००० नंतर चित्र बदललं. कीथ पॅकर्ड यांनी एक्सएफटी आणि पाठोपाठ फॉन्टकॉन्फिग आणलं, आणि फॉन्ट निवडून अक्षर रेखाटण्याचं काम सर्व्हरकडून प्रोग्रामकडे गेलं. जोडाक्षर बांधण्याचं काम आज बहुतेक ठिकाणी हार्फबझ नावाची लायब्ररी करते. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने तर डिस्प्ले सर्व्हरचा फॉन्टशी संबंधच ठेवला नाही. प्रोग्राम आपली खिडकी स्वतः रंगवतो आणि तयार चित्र वेलँडच्या हातात देतो.

तुमच्याकडे यांतलं काय चालू आहे हे बघायचं असेल तर एक्सडीजी-सेशन-टाईप या चलाची किंमत छापून बघा. तिथे 'एक्स-इलेव्हन' किंवा 'वेलँड' यापैकी एक दिसेल.

हे सांगण्यामागे कारण आहे. इंटरनेटवरच्या कितीतरी जुन्या सूचना आजही सांगतात की एक्सच्या कॉन्फिगरेशन फाईलमध्ये फॉन्टपाथची ओळ घाला, एमके-फॉन्टडिर चालवा, एक्ससेटने मार्ग जोडा. या सूचना चूक नाहीत, फक्त जुन्या व्यवस्थेसाठी आहेत. फायरफॉक्स, लिबरऑफिस किंवा कुठलाही आधुनिक प्रोग्राम त्या मार्गाकडे बघतही नाही. तुम्ही दोन तास खर्च करता, पडद्यावर काही बदलत नाही, आणि मग निष्कर्ष काढता की 'लिनक्सवर मराठी नीट येत नाही'.

दूरच्या मशीनवर फॉन्ट कुणाचा?

हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो दूरच्या मशीनवर काम करताना. धाराशिवला घरी बसून तुम्ही पुण्या-मुंबईतल्या एखाद्या संस्थेच्या संगणकावर एसएसएचने आत गेलात आणि तिथला आलेख काढणारा प्रोग्राम तुमच्या पडद्यावर उघडलात, असं धरा. एक्सच्या भाषेत इथे सर्व्हर म्हणजे तुमचा लॅपटॉप, कारण पडदा त्याच्याकडे आहे. दूरचा मोठा संगणक हा क्लायंट. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं, पण तसंच आहे.

जुन्या व्यवस्थेत फॉन्ट सर्व्हरकडे, म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर लागत. आताच्या व्यवस्थेत ते प्रोग्राम जिथे चालतोय तिथे, म्हणजे दूरच्या संगणकावर लागतात. त्यामुळे आपल्या लॅपटॉपवर दहा मराठी फॉन्ट बसवले तरी त्या आलेखावर चौकोनच दिसत राहतील. उपाय सोपा आहे आणि त्याला ॲडमिनची परवानगीही लागत नाही. दूरच्या संगणकावर आपल्या होम फोल्डरमधल्या लोकल, शेअर, फॉन्ट्स या मार्गावर फॉन्टची फाईल ठेवा आणि तिथेच एफसी-कॅश चालवा. कंटेनरमध्ये काम करत असाल तर तोही वेगळा संगणकच समजा. त्याच्या आत फॉन्ट नसेल तर बाहेरचा असून उपयोग नाही.

साधन पहिलं : एक्सएफडी आणि एक्सफॉन्टसेल

आता एकेक साधन घेऊ. एक्सफॉन्टसेल चौदा रकान्यांच्या नावातून फॉन्ट निवडायला मदत करतं आणि एक्सएफडी निवडलेल्या फॉन्टची अक्षरं चौकटींच्या तक्त्यात मांडून दाखवतं. दोन्ही जुनी, हलकी आणि प्रामाणिक साधनं आहेत.

एक्सएफडीचा तक्ता क्रमांकानुसार चालतो. युनिकोडमधल्या देवनागरीच्या मुख्य विभागात १२८ जागा आहेत, त्या तुम्हाला दिसतील. पण बऱ्या देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो आकृती असतात. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या यांतल्या बहुतेकांना क्रमांकच नसतो, म्हणून तक्त्यात त्यांना जागाही नसते. म्हणजे मराठीसाठी जी मेहनत फॉन्ट बनवणाऱ्याने घेतली, नेमकी तीच या साधनाला दिसत नाही. चांगला फॉन्ट आणि जोडाक्षरांशिवायचा फॉन्ट एक्सएफडीत सारखेच भासू शकतात.

सगळ्या आकृती बघायच्या असतील तर फॉन्टफोर्ज उघडा. तिथे क्रमांक नसलेल्या आकृतीही दिसतात. पण आकृती फॉन्टमध्ये असणं आणि योग्य वेळी वापरली जाणं या दोन गोष्टी आहेत. दुसरीचं उत्तर तिथल्या तक्त्यातूनही मिळत नाही.

साधन दुसरं : नोमचा फॉन्ट व्ह्यूअर

बहुतेक विद्यार्थी फॉन्टच्या फाईलवर डबल-क्लिक करतात आणि नोम डेस्कटॉपचा फॉन्ट व्ह्यूअर उघडतो. दिसायला छान. आकार वाढत जाणाऱ्या ओळी, खाली फॉन्टची माहिती. पण तुमचं मशीन इंग्रजीत चालत असेल आणि त्या देवनागरी फॉन्टमध्ये रोमन अक्षरंही असतील, तर समोर येतं ते इंग्रजी नमुनावाक्य. मराठी फॉन्ट बघायला आपण गेलो आणि त्यातली इंग्रजी बघून परत आलो.

नमुनावाक्य दाखवण्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. वर्तमानपत्र, पुस्तक किंवा पाटी यासाठी फॉन्टचा तोंडवळा कसा आहे, हे एका नजरेत कळावं एवढाच त्याचा हेतू. तोंडवळा बघण्यासाठी ते पुरतं. पण संशोधकाला तोंडवळ्याआधी वागणूक हवी असते. 'नळदुर्ग' मधला रफार 'ग' वर बसतो का, 'दुष्काळग्रस्त' मधली तीन जोडाक्षरं बांधली जातात का, 'शेतकऱ्यांच्या' मधला आडवा 'र' येतो का? हे शब्द तिथे स्वतः टाईप करून बघण्याची सोय हाताशी नसेल, तर त्या खिडकीने दिलेलं समाधान प्रबंधाच्या कामाचं नाही.

साधन तिसरं : फॉन्टकॉन्फिगची मंडळी

सर्वांत महत्त्वाचं साधन हे, म्हणून टीकाही इथेच जास्त. एफसी-लिस्ट फॉन्टची यादी देतं. त्याला भाषा 'एमआर' सांगितली की मराठी येणारे फॉन्ट मिळतात. एफसी-मॅच सांगतं की अमुक मागणीला कोणता फॉन्ट दिला जाईल. एफसी-व्हॅलिडेट एखाद्या फाईलमध्ये त्या भाषेची किती अक्षरं कमी आहेत ते मोजतं.

'मराठी येतं' हे फॉन्टकॉन्फिग कशावरून ठरवतं? त्याच्याकडे प्रत्येक भाषेसाठी युनिकोड क्रमांकांची एक यादी असते. फॉन्टमध्ये त्या यादीतले क्रमांक असले की भाषा 'येते'. बस. जोडाक्षर बांधण्याचे नियम आहेत की नाहीत, रफार वर चढतो की नाही, याची चौकशी होत नाही. मुळाक्षरं पाठ आहेत म्हणून मुलाला वाचता येतं असं मानण्यासारखं हे झालं.

याची उलट बाजूही बघा. आपल्याकडच्या छापखान्यांत आणि जुन्या टंकलेखनात कृतीदेव, शिवाजी यांसारखे फॉन्ट कैक वर्षं चालले, आजही चालतात. त्यांत देवनागरी आकृती रोमन अक्षरांच्या जागी बसवलेल्या असतात. फॉन्टकॉन्फिग क्रमांक बघतं, त्यामुळे असा फॉन्ट त्याच्या लेखी इंग्रजीच्या बाजूचा ठरतो. म्हणजे डोळ्यांना स्वच्छ मराठी दाखवणारा फॉन्ट इंग्रजी, आणि 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द मोडणारा फॉन्ट मराठी! पहिला निकाल खरं तर योग्यच आहे, कारण कृतीदेवमधल्या फाईलमध्ये मजकूर म्हणून रोमन अक्षरंच साठवलेली असतात. शोध, वर्गवारी, शब्दगणना यांतलं काहीच त्यावर मराठी म्हणून चालणार नाही. म्हणजे साधन काही ठिकाणी आपल्या डोळ्यांपेक्षा शहाणं आहे आणि काही ठिकाणी भोळं. कुठे काय, हे त्याची कसोटी माहीत असल्याशिवाय कळत नाही.

एफसी-मॅचची गोष्ट अजून वेगळी आहे. त्याला 'नाही' म्हणता येत नाही. अस्तित्वातच नसलेल्या फॉन्टचं नाव देऊन बघा, तरी ते शांतपणे दुसऱ्या कुठल्यातरी फॉन्टचं नाव देईल. पडद्यावर काहीतरी दिसलंच पाहिजे, या दृष्टीने ही चांगली वागणूक आहे. पण त्यामुळे तुम्ही मागितलेला फॉन्ट बसलेलाच नाही हे महिनाभर लक्षात येत नाही. नापास करू न शकणारी परीक्षा घेऊन उपयोग नसतो. उत्तरात आलेलं नाव तुम्ही मागितलेलंच आहे का, हे दर वेळी वाचून बघा.

एक बारीकशी तक्रारही नोंदवतो. फॉन्टकॉन्फिगच्या फाईली क्रमांकाने लावलेल्या असतात. त्यांत साठ क्रमांकाची फाईल 'लॅटिन' आणि पासष्ट क्रमांकाची 'नॉन-लॅटिन'. जगातल्या लिपींची वाटणी 'लॅटिन' आणि 'उरलेल्या' अशी. तांत्रिक कारणं असतीलही, पण या क्रमाचा परिणाम आपल्या पडद्यावर होतो. सुदैवाने तुमची स्वतःची फाईल पन्नास क्रमांकावरून आधी वाचली जाते, म्हणून तुमची पसंती वर राहते. फक्त एक सांभाळा. साध्या फॉन्टच्या यादीत मराठी फॉन्ट पहिला टाकलात तर त्यातली रोमन अक्षरं सगळ्या इंग्रजी मजकुरालाही लागतील. आवडता रोमन फॉन्ट पहिला आणि देवनागरी फॉन्ट दुसरा ठेवा, किंवा भाषा 'एमआर' असेल तरच लागू होईल असा नियम लिहा.

मराठीचा ल आणि श

आता एक खास आपला प्रश्न. मराठीत 'ल' आणि 'श' यांची रूपं हिंदीपेक्षा वेगळी चालतात. ६ नोव्हेंबर २००९ च्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही रूपं मराठीसाठी मान्य केली, ॲ आणि ऑ हे स्वरही वर्णमालेत घेतले. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही भाषांच्या 'ल' ला एकच क्रमांक आहे. फरक करायचा तो फॉन्टने, आणि तोही 'मजकूर मराठी आहे' असं प्रोग्रामने त्याला सांगितल्यावर. काही फॉन्टांत ही सोय आहे, काहींत नाही. रेड हॅटने २००४ मध्ये खुल्या केलेल्या लोहित मालिकेत एकेकाळी मराठीचा वेगळा फॉन्ट होता, पुढे तो एकाच लोहित देवनागरीत आला.

इथे सगळेच व्ह्यूअर गप्प बसतात. 'या फॉन्टमध्ये मराठीची वेगळी रूपं आहेत' असं क्रमांक मोजणाऱ्या साधनाला सांगता येत नाही. 'धाराशिव', 'वाशी', 'लोहारा' ही नावं तुमच्या नकाशावर हिंदी वळणाची की मराठी, हे तुम्हालाच बघावं लागतं. लिबरऑफिसमध्ये जटिल लिपीची भाषा मराठी निवडा. लाटेकमध्ये फॉन्टस्पेक वापरत असाल तर स्क्रिप्ट देवनागरी आणि लँग्वेज मराठी, असं दोन्ही लिहा. वेबपानावर भाषेचा गुणधर्म 'एमआर' ठेवा. भाषा सांगितली नाही, तर फॉन्टकडे रूपं असूनही ती वापरली जाणार नाहीत.

ॲ चं उदाहरणही लक्षात ठेवा. हा स्वर युनिकोडमध्ये २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधीच्या फॉन्टांत तो नसतो. मग 'ॲप' मधला पहिला स्वर दुसऱ्याच फॉन्टमधून उसना घेतला जातो किंवा तिथे चौकोन येतो. शब्दाच्या मध्येच जाडी बदललेली दिसली तर समजा, उसनवारी झालीय.

सारखं दिसतं, पण सारखं असतं का?

आतापर्यंत आकृतीबद्दल बोललो. संशोधनात त्याहून महाग पडणारी गोष्ट आकृतीच्या मागे असते. 'ऱ्य' दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत ऱ, हलन्त, य अशी तीन संकेतांची. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून 'र' ची कळ दाबली की हा 'ऱ' मिळतो. दुसरी रीत र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य अशी चार संकेतांची. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही एकसारखे दिसतात, आणि तेच योग्य आहे.

पण गावोगावच्या मुलाखतींचा मजकूर तीन जणांनी तीन कळफलकांवर टाईप केला असेल, तर 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द शोधताना एका रीतीचे शब्द सापडतील आणि दुसऱ्या रीतीचे निसटतील. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण चालवूनही या दोन रीती एक होत नाहीत, ते बदल तुम्हालाच लिहून करावे लागतात. फॉन्ट व्ह्यूअर यात मदत करू शकत नाही, उलट जितका चांगला दाखवेल तितका फरक लपवेल. पायथनमध्ये शब्दाची लांबी मोजा, लगेच कळेल.

याच्या उलटंही घडतं. टर्मिनलमध्ये मराठी बहुतेक वेळा तुटक दिसते, कारण बरीच टर्मिनलं सारख्या रुंदीच्या चौकटींच्या जाळ्यावर अक्षरं मांडतात. तिथे मोडलेलं दिसलं म्हणून फाईल 'दुरुस्त' करायला जाऊ नका. मोडलंय ते दाखवणं, माहिती शाबूत आहे. तसंच, वेलँडवर जुने एक्सचे प्रोग्राम एक्सवेलँडमार्फत चालतात आणि पडद्याचं प्रमाण सव्वापट-दीडपट ठेवलं असेल तर कधीकधी धूसर दिसतात. तो दोष फॉन्टच्या माथी मारू नका.

मग वापरायचं काय?

माझ्या मते या सगळ्यांत संशोधकाच्या कामाचं सर्वांत सरळ साधन आहे हार्फबझसोबतचं एचबी-व्ह्यू आणि त्याचं भावंड एचबी-शेप. ते वेगळ्या पॅकेजमधून बसवावं लागतं आणि त्याला सुंदर खिडकी नाही. तुम्ही फॉन्टची फाईल आणि शब्द द्यायचा. एचबी-व्ह्यू त्या शब्दाचं चित्र काढून देतं आणि एचबी-शेप कोणकोणत्या आकृती वापरल्या त्यांची नावं छापतं. तुम्ही दिलेल्या फाईलशिवाय दुसऱ्या फॉन्टकडून ते उसनं घेत नाही, त्यामुळे कमतरता झाकली जात नाही. भाषा मराठी सांगून एकदा आणि हिंदी सांगून एकदा 'लोहारा' द्या. 'ल' च्या आकृतीचं नाव बदललं, तर त्या फॉन्टमध्ये मराठी रूप आहे.

शब्द कोणते द्यायचे, ही खरी मेख आहे. सुरुवातीची तालुक्यांची यादी पुन्हा बघा. आठही नावांत एकही जोडाक्षर नाही! वेलांटीची जागा तपासणारा एकच शब्द आहे, धाराशिव. बाकी सात नावं जोडाक्षर न बांधणाऱ्या प्रोग्राममध्येही बरोबर दिसतील. मॅटप्लॉटलिबच्या जुन्या आवृत्त्या अशाच अक्षरं एकामागे एक मांडत जातात, त्यांच्यावरही ही सात नावं पास होतील. २०२३ पूर्वीच्या नोंदींत जिल्ह्याचं नाव 'उस्मानाबाद' असायचं, त्यात निदान 'स्म' तरी होता. म्हणजे नमुना असा निवडला गेला की कसोटी जवळजवळ नापास होऊच शकत नाही.

म्हणून आपल्याच विषयातून अवघड शब्द गोळा करा. जिल्ह्यातल्या शेतीवर काम असेल तर माझी यादी अशी असेल : नळदुर्ग, द्राक्ष, पर्जन्यमान, हेक्टर, ज्वारी, दुष्काळग्रस्त, पाणलोट क्षेत्र, शेतकऱ्यांच्या, उस्मानाबादी शेळी, ॲप. दहा नोंदी आहेत, पण रफार, आडवा र, क्ष, तीन-चार तऱ्हेची जोडाक्षरं, ळ, श, ल आणि ॲ हे सगळं त्यात येतं. ही यादी एका फाईलमध्ये ठेवा आणि नवा फॉन्ट, नवं मशीन, नवी आवृत्ती आली की चालवा. शेवटी तयार पीडीएफवर पीडीएफ-फॉन्ट्स चालवून बघा. कोणता फॉन्ट प्रत्यक्षात वापरला गेला आणि तो फाईलमध्ये अंतर्भूत आहे का, ते कळेल. परीक्षकांच्या संगणकावर तुमचा फॉन्ट असेलच असं नाही.

फॉन्टकॉन्फिगच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. त्याला शेकडो फॉन्ट आणि भाषा झटपट चाळाव्या लागतात. प्रत्येक फॉन्टमध्ये शब्द बांधून बघायचं ठरवलं तर काम जड होईल, आणि मराठीला 'आवश्यक' जोडाक्षरं कोणती यावर मराठी माणसांचंही एकमत होणं कठीण. क्रमांकांची यादी ही कामचलाऊ पण समजून उमजून केलेली तडजोड आहे. माझा आक्षेप तडजोडीवर नाही, तिच्या नावावर आहे. 'मराठीची मूळ चिन्हं आहेत' असं ते म्हणालं असतं तर वाचणाऱ्याने पुढचं स्वतः तपासलं असतं. 'मराठी' एवढंच म्हटल्यावर तपासणारा थांबतो.

संशोधन पद्धतीच्या पुस्तकात याला वैधता म्हणतात. प्रवेश परीक्षेसाठी तिची व्याख्या आपण पाठ करतो. मोजमाप जे मोजण्याचा दावा करतं तेच मोजतं का, एवढाच तिचा अर्थ. उद्या तुमच्या हातात आर्द्रतामापक येईल, प्रश्नावली येईल, एखादं तयार सॉफ्टवेअर येईल. प्रत्येकावर एक पट्टी चिकटवलेली असेल आणि त्यावर एक मोठा शब्द लिहिलेला असेल. त्या शब्दामागे प्रत्यक्षात कोणती यादी आहे ते उघडून बघा, आणि नापास होऊ शकेल असा निदान एक नमुना त्यावर टाकून बघा.

आज संध्याकाळी एवढंच करा. वरच्या दहा नोंदी तुमच्या नेहमीच्या फॉन्टवर एचबी-व्ह्यूने चालवा आणि कुठली मोडते ते लिहून ठेवा. एकही मोडली नाही तर फॉन्ट चांगला आहे म्हणून खूश व्हा, आणि यादीत अजून दोन अवघड शब्द घाला.